दोन नंबरची कॉइल

आमची पिकअप पेट्रोलवर चालते. भिलाईत अशा मालवाहू गाड्या डिझेलच्याच जास्त, त्यामुळे सुपेल्याच्या बाजारातले गाडीचे मिस्त्री तिच्याकडे जरा परकेपणानेच पाहतात. बाबांनी ती जुनी घेतली, आणि घेतली ती हौसेने नव्हे. आधी ते पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे होते, कोळसा भाजतात त्या कोक ओव्हनच्या बाजूला. तिथला खोकला छातीत बसला, आणि डॉक्टरांनी सरळ सांगितले की पुन्हा त्या धुरात जायचे नाही. तेव्हापासून पहाटे दुर्गच्या मंडीतून भाजी भरायची आणि सुपेल्याच्या बाजारात उतरवायची, हे त्यांचे काम. खोकला हळूहळू उतरला. आई शांत झोपू लागली.

प्लांट सुटला, पण प्लांटच्या सवयी सुटल्या नाहीत. शनिवारी 'हाउसकीपिंग' ही त्यातली एक. आम्ही राहतो त्या मरोद्यात अंगणापर्यंत प्लांटची लाल धूळ येते, ती गाडीवर बसलेली बाबांना खपत नाही. दर शनिवारी दुपारी ते नळाला पाइप लावतात आणि गाडी आतूनबाहेरून धुतात. ड्रायव्हरशेजारची सीट उचलायची, खालचे इंजिनसुद्धा चकचकीत करायचे. "मशीन साफ दिसली तर फॉल्टबी साफ दिसते," असे ते म्हणायचे. वस्तीत एवढी स्वच्छ गाडी दुसरी नव्हती.

त्या थंडीत गाडी झटके द्यायला लागली. रिकामी असली तर नुसती थरथरायची, पण भाजी भरली की वाटेतल्या पुलाच्या चढावर दम सोडायची. सुपेल्याच्या मिस्त्रीने प्लग बदलले. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने फिल्टर बदलला आणि हात पुसत सांगितले, "अब तो इंजन खोलना पड़ेगा." भाजीवाले किती दिवस थांबणार? त्यांनी दुसरी गाडी पाहायला सुरुवात केली होती.

बुधवारी जेवताना बाबा म्हणाले, "सोमवारी प्लांटच्या गेटवर जातो. ठेकेदाराचा माणूस पास बनवून देतो म्हणते."

आईने भाताचा चमचा भांड्यात ठेवला. "आन् छाती? ते काय घरी ठेवून जाणार हाव?"

"मंग काय करू? गाडी पुलावर चढून नाही राहिली."

मी म्हणाले, "सोमवारपर्यंत मले पाहू द्या." इतक्या हळू म्हणाले की आईलाच ते पुन्हा सांगावे लागले. "तिले पाहू द्या म्हणते."

"तू फिजिक्स शिकून राहिली का मिस्त्रीगिरी?"

"दोन्हीत करंटच हाय, बाबा."

बाबा हसले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे रेशनच्या मशीनपासून बँकेच्या मेसेजपर्यंत काहीही अडले की सगळे माझ्याकडे पाहतात. बहुतेक वेळा मला येत नसते, आणि तसे सांगायला जीभ रेटत नाही. या वेळी मात्र मी ठरवले होते की येत नसेल तर शिकायचे. दोन रात्री मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे हिंदी व्हिडिओ पाहिले. कळले ते एवढेच. इंजिनमध्ये चार सिलिंडर, प्रत्येकाच्या प्लगवर एक कॉइल. कॉइल बॅटरीचा छोटा करंट घेऊन ठिणगी पडेल इतका मोठा करते. एक कॉइल गेली की एक सिलिंडर झोपतो, उरलेले तीन गाडी ओढतात. आमची गाडी अगदी तशीच वागत होती.

शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. मी अंगणात सीट उचलली तेव्हा बाबा घरातून एक लाल पत्र्याची पट्टी घेऊन आले. प्लांटमध्ये मशीनवर काम चालू असले की अशी पट्टी टांगतात. ज्याने टांगली त्यानेच ती काढायची, तोपर्यंत साहेब आला तरी मशीन चालू होत नाही. बाबांनी ती माझ्या हातात दिली. "स्टेअरिंगले टांग. आता गाडी तुझी हाय. मीबी हात नाही लावणार." आणि खरेच ओट्यावर जाऊन बसले.

चाबी फिरवायला आईला बसवले. ती ड्रायव्हरच्या सीटवर पहिल्यांदाच बसत होती. मी एका कॉइलचा वायरचा कनेक्टर काढायची, पट्टी उतरवायची, मग आई गाडी सुरू करायची. गाडी आणखी अडखळली तर ती कॉइल चांगली. बंद करून कनेक्टर परत बसवायचा, पट्टी परत टांगायची.

"या पट्टीले कितीदा काढते न लावते," आई म्हणाली. "एक डाव राहू दे ना तशीच."

"नाही," ओट्यावरून आवाज आला. "बरोबर करून राहिली ते."

एक नंबरला गाडी जास्त अडखळली. तीन आणि चारलाही. दोन नंबरचा कनेक्टर काढला तर काहीच फरक नाही, होती तशीच थरथरत राहिली. तरी एवढ्यावर नवी कॉइल आणायची हिंमत होईना, कारण दोष प्लगचाही असू शकतो, वायरचाही. व्हिडिओत सांगितले होते तसे मी बोल्ट काढून दोन नंबरची कॉइल तीनवर बसवली आणि तीनची दोनवर. पुन्हा तपासले. आता तीन नंबर झोपला होता आणि दोन जागा झाला होता. म्हणजे दुखणे कॉइलबरोबर फिरत होते.

बाबांना सांगितले. त्यांनी विचारले, "पक्कं?"

"वाटते तर पक्कंच."

"वाटते का हाय?"

"हाय."

दुपारी बाबा आणि मी सुपेल्याला स्कूटीवरून गेलो आणि कॉइल घेऊन आलो. तीनची कॉइल तीनवर परत नेली, नवी दोनवर बसवली. सुरू केल्यावर गाडी अशी शांत उभी राहिली की आईने विचारले, "बंद पडली का व?" शनिवारी पहाटे बाबा मंडीत गेले, भरल्या गाडीने पूल चढून आले, आणि दुपारी गुणगुणत नळाला पाइप लावला. मी आत जर्नल लिहीत बसले होते. पाण्याचा आवाज मला ऐकू येत होता, छान वाटत होता.

रविवारी सकाळी गाडी पुन्हा थरथरली.

बाबांनी ती बंद केली आणि खाली उतरले. रागावले असते तर बरे झाले असते. "नवीबी गेली," एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने पलंगाखालून प्लांटचे जुने बूट काढून ओट्यावर पॉलिश करत बसले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

मी पट्टी घेतली आणि स्टेअरिंगला टांगली.

"राहू दे बेटा," बाबा म्हणाले. "तुझा पेपर हाय पुढच्या हप्त्यात."

"पट्टी मी लावली," मी म्हणाले.

या वेळी मी सरळ दोन नंबरची कॉइल ओढली. शुक्रवारी ती फट् करून निघाली होती. आज चिखलातून पाय काढावा तशी निघाली. तिच्या रबराच्या नळीवरून लालसर पाणी ओघळले. मोबाइलचा टॉर्च लावून प्लगच्या खोबणीत पाहिले, तर तळाशी पाणी साचले होते आणि प्लगला गंजाची कड आली होती. बाकीच्या तीन खोबणी कोरड्या. दोन नंबरच्या वरचा रबराचा सील एका जागी फाटला होता. मग मी टाकून दिलेली जुनी कॉइल शोधून आणली. तिच्या रबरावरही तशीच लालसर कड होती, आणि ठिणगी बाहेर पळाल्याची काळी रेघ.

पाणी कुठून आले ते मला कळले आणि मी तिथेच गाडीच्या पायरीवर बसले. पावसाळा नव्हता. आठवडाभर झटके, मिस्त्रीने पुसून प्लग बदलला की दोन दिवस बरे, शनिवार गेला की पुन्हा झटके. बाबांना काय सांगू? तुम्ही प्रेमाने करता त्यानेच गाडी मरते, असे? त्या गाडीबद्दल चारचौघांत ताठ मानेने सांगण्यासारखी एक गोष्ट त्यांच्याकडे होती, ती तिची स्वच्छता. मला वाटले, सील बदलावा, खोबण पुसावी आणि गप्प बसावे. पण सील आज मिळणार नव्हता, आणि शनिवार दर आठवड्याला येणार होता. सोमवार तर उद्याच होता.

मी कॉइल घेऊन ओट्यावर गेले आणि त्यांच्या बुटांशेजारी ठेवली.

"कॉइल नाही गेली. पाणी गेलं आत."

बाबांनी ती उचलली. रबर दाबले, बोटाला लागलेले लाल पाणी पाहिले. अंगठ्याने ते चोळत राहिले. मग नळाकडे पाहिले, जिथे पाइप गुंडाळून ठेवला होता.

"शनिवारचं?"

"हो."

"जुनीबी?"

"जुनीबी."

आई दारात येऊन उभी होती. बाबा म्हणाले, "प्लांटात मोटर धुताना प्लास्टिक बांधत होतो आम्ही. इथं नाही बांधलं." आणि मग, "आता काय करायचं ते सांग. मी करतो."

मी सांगितले आणि त्यांनी केले. सळईला फडके गुंडाळून खोबण पुसली, मग सायकलचा पंप आणून हवा मारत बसले. मी रबराची नळी कोरडी केली, प्लग काढून घासला. फाटलेल्या सीलवर बाबांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, तात्पुरता. मी बोल्ट आवळला, कनेक्टर टच् करून बसला. बाबा दार उघडून सीटवर बसले, पण चाबीला हात लावला नाही. पट्टीकडे पाहत राहिले.

"काढ," ते म्हणाले.

मी पट्टी काढली. गाडी सुरू झाली आणि शांत राहिली. आम्ही तिघेही तिचे ऐकत राहिलो, झटका येईल म्हणून. आला नाही.

आई म्हणाली, "पाइप मी घेतो आता. माह्या टमाटरच्या झाडाले पाणी पुरत नाही."

"घे," बाबा म्हणाले. "शनिवारी मले फडकं दे, सुकं."

सोमवारी पहाटे ते निघाले तेव्हा त्यांच्या पायात प्लांटचे बूट होते. आईचा चेहरा उतरला. बाबांनी सीटखाली एकदा टॉर्च मारून पाहिले, चाबी लावली आणि खिडकीतून म्हणाले, "मंडीत जाऊन राहिलो. पॉलिश केलीच होती, वाया कावून घालवू?"