दुधीत खोचलेले बोल्ट

लग्न होऊन घुग्घुसला आले तेव्हा मला वाटायचं, जगात मळ हा एकच शत्रू आहे आणि त्याच्याशी लढायला मलाच पाठवलंय. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याच्या मोटारसायकलची चेन साबणाच्या पावडरीनं घासून चांदीसारखी केली. तिच्यावरचं काळं वंगण मला घाण वाटलं होतं. चार दिवसांत चेन गंजून करकर ओरडायला लागली. नवरा कोळशाच्या खाणीत फिटर. त्यानं चेनला तेल पाजलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, गाडी म्हंजे ताट-वाटी नाई." मी रुसून दिवसभर जेवले नाही. म्हणजे त्याच्यासमोर जेवले नाही. मागच्या खोलीत दोन भाकरी खाल्ल्या.

आता आजी झाले. नातवंडांना शहाणपण वाटते, स्वतःसाठी थोडंही शिल्लक ठेवत नाही.

नवऱ्याला कंपवात झाला. हात थरथरायला लागला. दुखण्यापेक्षा त्याला त्याची लाजच जास्त. लोकांसमोर चहाचा कप उचलणं त्यानं सोडलं, हात मांडीखाली दाबून बसायचा. पान्याकडे तर बघायचाही नाही. तीच जुनी मोटारसायकल पडवीत उभी होती, तिच्याकडे पाठ करून म्हणायचा, "भंगारवाल्याले देऊन टाका."

आमची लेक चंद्रपूरला नोकरी करते. तिनं ते ऐकलं आणि दर रविवारी येऊन गाडी खोलायला बसू लागली. मला चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, गाडी नाई झाली तरी चालते. बाबाचा हात कामाले लागला पायजे."

पण बाबा खुर्चीतून हलेना. बोलला तो एकदाच. लेक गंजलेले बोल्ट फेकून नवे आणते म्हणाली, तेव्हा. "जुनेच राहू दे. लोखंड चांगलं आहे."

मग ते बोल्ट माझ्या वाट्याला आले. घासायचं काम म्हटल्यावर मी कशाला मागे राहते! रॉकेलमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशनं खरवडले, पॉलिश पेपर फिरवला. "रंग माथ्यालेच लाव, आट्याले लागला तर बोल्ट बसत नाई," असं लेकीनं बजावलं होतं. म्हणून मी आट्यांना तेल चोळलं, एक जून झालेला दुधी आडवा ठेवला आणि बोल्ट मानेपर्यंत त्यात खोचले. वरून काळा रंग. दुधीवर काळ्या टोप्यांची सभा भरली. मी इतकी खूश की शेजारणीला बोलावून दाखवलं.

पुढच्या रविवारी लेकीनं विचारलं, "आई, पुठ्ठा कुठी आहे?"

"कोणता पुठ्ठा?"

"ज्याले बोल्ट टोचले होते तो."

"तो तं तेलानं भरला होता. मी त्यानंच शेगडी पेटवली. काय भडकन पेटला! तुझ्या बाबाचं आंघोळीचं पाणी तापलं त्याच्यावर."

लेक मटकन खाली बसली. त्या पुठ्ठ्यावर तिनं इंजिनाच्या झाकणाचं चित्र काढलं होतं आणि झाकणाचा प्रत्येक बोल्ट चित्रात त्याच्या त्याच्या जागी टोचला होता. बोल्ट सगळे सारख्या जाडीचे, पण लांबी वेगवेगळी. आखूड भोकात लांब बोल्ट कसला की झाकण तडकतं, आणि तसलं झाकण आता मिळत नाही. "मंग राहू दे," ती म्हणाली. "बोलाव भंगारवाल्याले." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. "इतके वर्ष झाले, हिचं धुणं काई संपलं नाई. आणा इकडं तो दुधी."

तो पाटावर येऊन बसला. पहिलाच बोल्ट बोटांतून निसटला आणि गाडीखाली गेला. लेक वाकायला लागली, तिचं मनगट मी धरलं. त्यानं स्वतः हात घालून तो काढला. मग झाकणाच्या भोकात नुसता उभा सोडला, फिरवला नाही, आणि मान किती वर राहते ते पाहिलं.

"सगळ्यायच्या माना सारख्या वर राह्यल्या पायजेत," लेकीला म्हणाला. "एक जरी उंच दिसला, का समज, तो दुसऱ्याच्या घरात गेला."

हात थरथरतच होता. पण बोल्टचं टोक भोकात शिरलं की रडतं पोर अंगावर घेतल्यावर गप्प होतं, तसा तो हात थांबायचा. पुन्हा पुढचा बोल्ट, पुन्हा थरथर. दुपारचं जेवण निवलं. शेवटी सगळ्या माना एका रेषेत आल्या, आणि त्यानं न मागता पाना उचलला.

कसताना माथ्यांवरचा रंग उडाला. "अजी, माझा रंग!" मी ओरडले.

"ओरडतं काऊन? आण ब्रश."

मी ब्रश घेऊन आले आणि स्वतःच बसायला गेले, तर त्यानं हात पुढे केला. लेकीसमोर, थरथरता हात. मी ब्रश दिला. पहिल्याच माथ्यावरून काळी रेघ घसरून चकचकीत झाकणावर गेली. लेकीनं चिंधी उचलली. मी तिच्या हातावर चापट मारली.

तो रेघेकडे बघत राहिला. "थोडा भायेर गेला."

"जाऊ द्या," मी म्हटलं.

त्यानं ब्रश डबीत बुडवला आणि दुसरा माथा घेतला.