तित्तर झोपतात कुठे

सासरे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आखातात, अल कुसैसला आले ते नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "हय पाखरां रात्रीची खंय बसतत?" लोक मीना बाजार विचारतात, सोन्याचा भाव विचारतात. मी चाट पडले. बिल्डिंगमागच्या माळावर तित्तर ओरडतात एवढं मला ठाऊक होतं. ते झोपतात कुठे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आणि एकदा पडल्यावर तो काही डोक्यातून जाईना.

गावाकडे सासरे पारधीत पुढे असत. संध्याकाळी रानकोंबडा कुठल्या झाडावर चढतो ते हेरून यायचं आणि पहाटे मंडळींना तिथे न्यायचं, हे काम त्यांचं. कायद्याचं काय, असं मी एकदा विचारलं तर त्यांना नेमका खोकला आला. पण गेल्या खेपेला त्यांनी "हय काय नाय" म्हणून सोडलेल्या झाडावरून बाकीच्यांनी कोंबडे उठवले. म्हातारा बहिरा झालाय, असं वाडीत बोलू लागले. सासूबाईंनी हे मला फोनवर सांगितलं, वर विषय काढू नकोस अशी तंबीही दिली. म्हणजे इथले तित्तर मारायचे नव्हतेच. परत गेल्यावर पुढे व्हायचं की नाही, ते त्यांना परक्या मुलखात, कुणी हसणार नाही अशा जागी ठरवायचं होतं. जवळचं बोललेलं त्यांना नीट कळायचं, त्यामुळे माझा काही वाडीवर विश्वास बसेना.

नवरा जबल अलीला शिफ्टवर. उन्हं उतरली की आम्ही दोघं माळावर. तिथे वेड्या बाभळी होत्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या. सासरे वाकून एकेका झाडाखालची वाळू बघायचे. शीट ताजी की जुनी, खोडाजवळ पडलीय की लांब, त्यावरून पाखरू कुठल्या फांदीवर बसत असेल ते सांगायचे. कचऱ्याची पिशवी दोन बोटांत धरणारी मी, शीट निरखत उकिडवी बसायला लागले. नियम मात्र कडक. बोलायचं नाही आणि बोट दाखवायचं नाही. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, तसं पाखराला दाखवलं की ते जागा सोडतं म्हणे.

एका संध्याकाळी डावीकडून तित्तर ओरडले. तोंड बंद, हात बंद, माझी मान तेवढी वळली. सासरे सरळ तिकडे चालू लागले. पुढेही तसंच होत गेलं. मी मनात म्हटलं, कोण म्हणतं यांना ऐकू येत नाही? मग एकदा उजवीकडे लॉरीचा हॉर्न वाजला, मी दचकून तिकडे बघितलं, आणि सासरे तरातरा रस्त्याकडे निघाले. मला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. ते कानांवर नाही, माझ्या मानेवर चालत होते.

लॉरी दिसल्यावर ते थांबले. परत येऊन एवढंच म्हणाले, "उद्या तू माझ्या पाठी उभी रव."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी राहिले. तित्तर ओरडत आले, फडफड करत आमच्या पाठीमागच्या बाभळीवर चढले, जागेवरून भांडले आणि गप्प झाले. सासरे समोरच्या रिकाम्या झाडाकडे बघत उभेच. अंधारू लागल्यावर वळले.

"इले?"

मी मान डोलावली.

"खंय?"

मी त्यांचा खांदा धरून त्यांना त्या बाभळीकडे वळवलं.

"गावाक कळव," ते म्हणाले, "यंदा दुसऱ्या कोणाक तरी पुढे होऊ दे." मला रडू आवरेना. त्यांनी ते पाहिलं, आणि विचारलं, "हयचो तित्तर वरडता कसो?"

सासऱ्यांसमोर मी कधी मोठ्याने हसलेसुद्धा नव्हते. त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडले, "कटीतर, कटीतर."

बाभळीतून सगळे तित्तर भर्रकन उठून गेले.

"ह्यां मात्र ऐकलंय," सासरे म्हणाले.