हिरवं बटण दाबण्याआधी

उजवा हात डोक्यावर उंच, पाचही बोटं ताणलेली, आणि जिनिंगच्या पत्र्यांवर आदळून परत येणारा आवाज: "कोन कुठी हाये गं?"

मावशींची ही हाक पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, आता भांडण लागणार. पण कोपऱ्याकोपऱ्यांतून उत्तरं यायची. "मी तिसऱ्या रेच्यावर!" "मी दारात!" "मी सरकीच्या खड्ड्यात, वर येऊन राह्यली!" शेवटचं उत्तर आलं की हात खाली यायचा आणि मावशी माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "दाब आता बाबू, तुहं बटन."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामरगावच्या रस्त्याला एक जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. असे बारा रेचे, त्यांवर कापूस घालणाऱ्या वीस-बावीस बाया, आणि मावशी त्यांच्या मुकादम.

आणि मी? आयटीआयचा कागद घेऊन नुकताच लागलेला वायरमन. त्याच हंगामात जुनं तेलाचं इंजिन निघालं, विजेची मोटार बसली, आणि मोटारीबरोबर मीही बसलो. खिशाला टेस्टर असा लावायचो, की लोकांनी डॉक्टर समजावं. वडील गावभर सांगत, "आमचा पोरगा एका बोटानं कारखाना चालवते." खरंच होतं ते. बाकीच्या नऊ बोटांना काही येत नव्हतं.

जुनं इंजिन तापायला पाव तास घ्यायचं. खोकायचं, धूर सोडायचं, तोवर बाया आपापल्या जागी यायच्या. मोटार मात्र बटण दाबताच फिरायची. मला हा तिचा मोठा गुण वाटे. मावशींना पहिल्याच दिवशी त्यातला धोका दिसला. "इंजिन खोकलून सांगे, मी येऊन राह्यलो म्हनून. हे तं मुकं हाये. मंग सांगन कोन?" आणि त्यांनी हाक सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी काही देणारही नव्हतं.

या हाकेनं आणखी एक गंमत केली. मावशी बौद्ध वस्तीतल्या, निम्म्या बाया गावातल्या. पूर्वी जेवायला दोन टोकांना बसायच्या, एकमेकींना नावानं ओळखतही नव्हत्या. रोज चार वेळा 'ही कुठंय, ती कुठंय' ऐकून सगळ्यांची नावं सगळ्यांना पाठ झाली. दिवाळीनंतर मी पाहिलं, चटणीची पुरचुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती.

मी मात्र कुरकुरायचो. "मावशी, ही काय शाळा आहे? फुकट वेळ जातो."

"मोटारीले लेकरंबाळं नाईत बाबू. ह्यायले हाएत."

एके दुपारी मालक दोन पाहुण्यांना मोटार दाखवायला घेऊन आले. जेवणाची सुट्टी संपत आली होती, मावशी बाहेर टाक्यावर हात धूत होत्या. पाहुणे दारात दिसले आणि माझ्या त्या एका बोटाला राहवलं नाही. मी हिरवं बटण दाबलं.

खालून किंकाळी आली. बायांमधली गंगू खड्ड्यात सरकी लोटत होती. तिचा पदर रेचे फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये गेला होता. लाल बटण माझ्या हाताशी होतं आणि मला ते सापडेना. मावशी धावत आल्या, खांद्यानं मला बाजूला लोटलं आणि बटणावर अख्खा तळहात मारला. पदर फाटून गेला म्हणून गंगूचा हात वाचला. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं मात्र निघालं.

"हाक झाली नव्हती का?" मालक ओरडले.

"झाली होती," मी म्हणालो. "गंगूच बोलली नाही."

आज हे लिहितानाही कान गरम होतात.

मावशींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "हाक झाली नाई, मालक. मी टाक्यावर होती."

"मग काढा या पोराला! आत्ताच्या आत्ता!"

"काहाडू नका. याले आता भेव लागलं हाये. नव्या मानसाले भेव लावाले पुन्हा कोनाचा हात द्याचा?"

मालकांनी मला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बटणांच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली मावशींच्या कमरेला.

पण त्याआधी, अपघाताच्याच दिवशी काम सुटल्यावर, त्या मला म्हणाल्या, "चाल. जे तिथी बोलला नाई, ते गंगूच्या घरी बोल." मी सबबी सांगितल्या, त्यांनी ऐकल्या नाहीत. अंगणात मी सगळं कबूल केलं. गंगूच्या सासूनं मला तोंडभर शिव्या दिल्या आणि मग चहा दिला. दोन्ही मी निमूटपणे संपवलं. हाताला फडकं बांधलेली गंगू एवढंच म्हणाली, "म्हंजे मले ऐकू आलं नाई, असं नाई ना? मी तवापासून तोच इचार करून राह्यली."

खोटं बोलणं म्हणजे काय, हे मला त्या वाक्यानं कळलं.

पुढे मी मोठ्या कारखान्यांत गेलो. तिथे भोंगे होते, लाल दिवे होते, सुरक्षेवर तास तास बोलणारे साहेब होते. त्यांच्याकडून शिकलो असेन पुष्कळ. पण माझ्या हाताखाली कुणाचं बोट गेलं नाही, याचं श्रेय ज्यांचं आहे त्यांना सही करता येत नव्हती.

मावशी गेल्याचं मला उशिरा समजलं. वस्तीतल्या त्यांच्या घरी गेलो. मुलगा शाळामास्तर. मी ओळख सांगताच उठून उभा राहिला.

"तुमीच का ते मोटारवाले? माय तुमची लय गोष्ट सांगे. म्हने, त्या पोरानं सोताहून गंगूच्या घरी जाऊन चूक कबूल केली. लय हिंमतीचं पोरगं."

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला. घरातसुद्धा त्यांनी मला झाकलं होतं, इतकी वर्षं.

"स्वतःहून नाही हो," मी म्हणालो. "तुमच्या आईनं नेलं होतं. आणि त्याआधी मी खोटं बोललो होतो."

मास्तर सतरंजी सारखी करून माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"बसा," म्हणाले. "पयलेपासून सांगा."