जावेने चालू केलेला माझा मॉनिटर

मैत्रिणींनो, आज माझ्या पोटात जे दुखलं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

मुरुडला आमचं छोटं लॉज आहे. बुकिंगचा जुना मॉनिटर सकाळी चालूच होईना. बटण दाबलं, दुसऱ्या बोर्डात प्लग लावला, काही नाही. खरं सांगू? मी मनातून खूश झाले. शेजारीच धाकट्या जावेचं लॉज आहे आणि तिच्याकडे नवा मोठा मॉनिटर आलाय. म्हटलं, आता माझाही येणार!

तेवढ्यात तीच आली. न विचारता मॉनिटरची वायर काढून बघितली.

"ताई, खाऱ्या वाऱ्यानं पिना हिरव्या पडल्यात. बोटीवर बाबा असंच साफ करायचा," म्हणत तिने पॉलिश पेपरने पिना घासल्या. कोळ्याची पोर ती! वायर परत लावली आणि लागला की मॉनिटर.

"झालं! आता नवा कशाला?" आमचे हे म्हणाले, तेही तिच्याकडे कौतुकाने बघत.

सकाळपर्यंत फक्त तिच्या मॉनिटरवर जळत होते. आता तिच्या हातांवरही जळतेय.

तिला अजून थँक्यू म्हटलेलं नाही. तुम्ही म्हटलं असतं?