पहिल्याच फोनवर हो म्हणावं कसं?

माझी लेक बंगळुरात. सातवा महिना, त्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, म्हणजे बाळंतपणाला अकोल्याला येणं राहिलंच. आता मीच तिच्याजवळ असावं, असा जीव नुसता ओढत होता. पण लेकीच्या सासरी न बोलावता कसं जायचं? आणि एका सकाळी विहीणबाईंचाच फोन! त्या कन्नड, मी वऱ्हाडी, मधे काय ती इंग्रजी.

"प्लीज कम अँड स्टे विथ अस," त्या म्हणाल्या.

"नो, नो! व्हाय ट्रबल यू?" मी म्हटलं.

आमच्याकडे पहिल्याच बोलावण्याला हो म्हणणारा हावरट ठरतो. आपण नाही म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, पुन्हा नाही म्हणायचं. मग "आता तुमी एवढं म्हनूनच राहिले तं..." करत ताटावर बसायचं. मी आग्रहाची वाट पाहत फोन कानाला लावून उभी. तिकडून आलं, "ओके, नो प्रॉब्लेम." आणि फोन बंद!

आठ दिवस मी धुसफुसत होते. काय बाई तरी! तोंडदेखलं बोलावलं अन् मोकळी झाली!

शेवटी अमरावतीच्या धाकट्या बहिणीला सांगितलं. ती स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. ऐकून खो खो हसली.

"ताई, इंग्रजीत नाही म्हटलं का लोक तिथंच थांबतेत. आता तूच फोन कर. म्हन, आय वुड लव्ह टू कम."

"म्हंजे मीच मले बोलावू? लाज वाटते ना!"

"नातवंड पाहाचं हाय का लाजच धरून बसाचं हाय?"

पोळ्या लाटता लाटता ते वाक्य घोकलं आणि दुपारी फोन लावला. एका दमात म्हणून टाकलं. विहीणबाईंनी अगदी हळू विचारलं, "विल यू ईट इन अवर हाऊस?"

लग्न जातीबाहेरचं होतं. आम्ही ते कधीच विसरलो होतो. आम्हाला विसरणं सोपं होतं. त्या बाईंनी मात्र माझ्या "नो, नो"चा भलताच अर्थ घेऊन आठ दिवस काढले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोकलेली सगळी इंग्रजी पळाली.

"आय विल ईट," मी म्हटलं. "युवर हँड ओन्ली. टू मच ईट." आणि पुढं मला रडूच आवरेना.