डोहाळजेवण केलं आणि नाव कापलं

“सीमानं काम सोडलं. तिचं नाव कापून टाका,” बाबूशेठनं फोनवर सांगितलं. घाटनांदूरला त्यांचा मसाल्याचा कारखाना. तिथली हजेरी, पगार, सरकारी भरणा मी बघतो. पॅकिंगवाली सीमा काम सोडेल, हे मला पटेना. मी मोटारसायकल काढली.

ऑफिसात शेठच्या खुर्चीमागं नवा फोटो. हिरव्या साडीत सीमा, अंगावर फुलांचे दागिने, शेठाणी तिची ओटी भरताहेत. डोहाळजेवण कारखान्यातच झालं होतं. मला आवतण नव्हतं. कागद अडला की मी आठवतो, जेवणाच्या वेळी नाही.

“राजीनामा दिला तिनं?”

“राजीनामा कशाचा! पहिलटकरीण हाय. बाळंतपणाला माहेरी गेली, सिरसाळ्याला. माहेरी गेली की काम सुटलंच की.”

माझं डोकं फिरलं. “शेठ, बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला काढणं गुन्हा हाय. अन् फोटोत मागं तुमीच हसत उभे! माहीत नव्हतं म्हणायची बी सोय न्हाई.”

शेठचा आवाज उतरला. “मंग निम्मी रजा देऊ. बाकी तुमी जुळवा.”

घासाघीस मला लई आवडते. पण ही घासाघिशीची जागा नव्हती. “यात भाव होत न्हाई. सव्वीस आठवडे, भरपगारी.”

“अन् पगार मी द्यायचा?”

“तुमी न्हाई! दर महिन्याला ईएसआय कशाला भरतो आपण?”

ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. थोडा वाटा पगारातून कापतात, मोठा मालक भरतो. हा विमा असलेल्या बाईला बाळंतरजेचे पैसे तिकडूनच मिळतात. शेठ समजत होते, तो फक्त दवाखान्यासाठी असतो.

“आधी का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं होतं. तवा तुमी माझी फी कमी करत होता.”

शेजारच्या टेबलावर बिलं लावत बसलेल्या शेठाणी खळखळून हसल्या. शेठनं तिथूनच स्पीकरवर सीमाला फोन लावला. “पोरी, तुझी जागा तुझीच हाय. रजेचे पैसे बी मिळतील.”

“खरंच, शेठ? मी तर भावाला दुसरीकडं काम बघाय सांगितलं होतं,” ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

मुलगी झाली. बारशाला शेठ पाळण्याची दोरी ओढत सगळ्यांना ऐकवत होते, “आमी भरपगारी रजा देतो!” माझं नाव नाही घेतलं. पण या वेळी आवतण होतं. मी जिलबी दोनदा मागून घेतली.

छोट्या मालकांनी एवढं लक्षात ठेवावं: माहेरी जाणं म्हणजे राजीनामा नव्हे. डोहाळजेवणाला बोलावलं असतं, तर हे मी पंगतीतच फुकट सांगितलं असतं.