डोळे मिटले की आईचा तोल जातो

गर्लफ्रेंडनं मला ब्लॉक केल्यापासून कशाचीच भीती उरली नव्हती, मित्रांनो. आज सकाळी वाटली.

गल्लीतल्या देवळात आईनं हात जोडून डोळे मिटले आणि ती डोलायलाच लागली. "अगं बाई, देवी आली की अंगात!" म्हणत बायका पाया पडायला लागल्या. एकीनं पुढं केलेलं कुंकवाचं ताट मी उडवून दिलं. तेवढ्यात आई कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पाय जुळवून डोळे मिटायला लावले. पुन्हा तेच. म्हणाले, "शुगरमुळं तळव्यांना जमीन कळत नाही. डोळ्यांनी बघून तोल सांभाळतात त्या."

घरी आल्यावर आई विचारती, "डोळं उघडं ठिवून नमस्कार कसा करू रं?"

संध्याकाळच्या आरतीला मी धरीन तिला. पण मी नसताना? तुम्ही आईला काय सांगितलं असतं?